भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने

समुद्र पाहण्यास जाणारे पुष्कळ. समुद्राच्या काठाने चालत जाणारे थोडे. मोटारीच्या खिडकीतून दिसणारा समुद्र हे केवळ एक चित्र असते. ते क्षणभर डोळे निववते आणि पुढचे वळण येताच पुसले जाते. पायांनी पाहिलेला समुद्र मात्र चित्र राहत नाही. तो वाट देतो, वाट अडवतो, तासन् तास थांबवून ठेवतो आणि आपल्या मर्जीने पुन्हा सोडतो. शिरोड्यापासून मालवणापर्यंतचा, वळणेवाकणे धरून सुमारे ५० किलोमीटरांचा किनारा आम्ही उभयता पतिपत्नी माघ महिन्यात पाच दिवस पायी चाललो, तेव्हा या गोष्टीचा पुरेपूर प्रत्यय आला.

बेळगावकरांना समुद्र तसा परका नाही. आंबोलीचा घाट उतरला आणि सावंतवाडी मागे पडली की वाऱ्याला खारट वास येऊ लागतो. पाठीवरच्या दोन पिशव्यांत एक लहानसा तंबू, दोन पांघरुणे, स्टोव्ह, तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, मूठभर कोकमे आणि वाटेत भेटणाऱ्या मुलांसाठी बेळगावचा कुंदा एवढा संसार मावला. पण या सगळ्यांहून महत्त्वाची वस्तू होती ती पंचांग. भरती दिवसातून दोनदा येते आणि दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत पडते, म्हणून पाणी फार चढते व फार उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही ओढ काटकोनात येते आणि भरती क्षीण होते. तिला भांगाची भरती म्हणतात. शुद्ध पंचमीस या किनाऱ्यावर सकाळी नऊच्या आसपास ओहोटी असते, हे पाहून आम्ही पंचमीचाच दिवस प्रस्थानासाठी निवडला. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट असते. वरच्या कोरड्या वाळूत प्रत्येक पाऊल घोट्यापर्यंत रुतते. पहिल्या वाळूवरून तासाभरात जे अंतर कापता येते, त्याला दुसऱ्या वाळूवर दोन तासही पुरत नाहीत.

या हिशेबास आणखी एक कारण होते. आमच्यांतील एकाची चाल झपाट्याची आणि दुसऱ्याची सावकाश. त्यात सावकाश चालणाऱ्याच्या गुडघ्याची जुनी कुरकूर. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही कोठेही निघालो तर बरोबर निघतो, पण बरोबर पोहोचत नाही. एकाने कोपऱ्यावर उभे राहून दुसऱ्याची वाट पाहावी आणि दुसऱ्याने पोहोचताच मनातल्या मनात खट्टू व्हावे, हा आमच्या घरचा शिरस्ता आहे. पन्नास किलोमीटर वाळूवर या दोन चालींचे कसे जमणार, हा प्रश्न बोलून न दाखवता आम्ही दोघांनीही पिशवीत बांधून घेतला होता.

शिरोड्यास खाडीकाठची मिठागरे पाहिली. भरतीचे पाणी बांधांनी अडवायचे, उन्हाने आटवायचे, एका चौकोनातून दुसऱ्यात न्यायचे आणि शेवटी तळाशी बसलेले स्फटिक ओढून त्यांचे ढीग करायचे, एवढीच ही विद्या. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शुभ्र ढीग दिसतो त्याच्या कित्येक पट पाणी सूर्याने उचलून नेलेले असते. १९३० च्या मे महिन्यात याच शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला. त्या वेळी येथील शाळेत वि. स. खांडेकर शिक्षक होते. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे त्यांनी या लहानशा गावात शिकवण्यात घालवली. पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणाऱ्या या लेखकाची लेखणी एका खेडेगावच्या शाळेतच घडली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिमित्रांनी विसरू नये.

शिरोड्यास लागूनच आरवली. लेखक जयवंत दळवी यांचे हे गाव आणि वेतोबा हे येथील ग्रामदैवत. वेतोबा रात्री गावाच्या सीमेवर गस्त घालतो, त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, अशी लोकांची श्रद्धा; म्हणून भाविक त्यास भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. देवळात ओळीने ठेवलेल्या त्या वहाणा पाहून चालणाऱ्या माणसाला मोठा धीर येतो. देवालाही वहाणा झिजवाव्या लागतात, मग आपण गुडघ्याची तक्रार किती करावी!

पहिला मुक्काम मोचेमाडजवळ सुरूच्या झाडांत झाला. तंबू ठोकण्यापूर्वी आम्ही नेहमी दोन गोष्टी पाहत असू. एक, भरतीने आणून टाकलेल्या काटक्याकुटक्यांची रेघ. तंबू तिच्या पुष्कळ वर असला पाहिजे. दुसरी, जागेचा मालक. त्यास विचारल्यावाचून एकही खुंटी ठोकायची नाही. पाच दिवसांत कोणी नाही म्हटले नाही. उलट विहिरीवरून पाणी भरून घ्या, असा आग्रह झाला. समुद्रापासून शंभर पावलांवर विहिरीचे पाणी गोड कसे, याचे उत्तर वाळूतच आहे. खाऱ्या पाण्याचे एक लिटर सुमारे १०२५ ग्रॅम भरते. गोडे पाणी त्याहून हलके, म्हणून वाळूत मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. विहीर बेताने उपसली तर ती गोड राहते. अधाशीपणा केला तर खालचे खारे पाणी वर येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेंगुर्ल्यास पोहोचलो आणि गुडघ्याने आपले गाऱ्हाणे उघडपणे मांडले. सतराव्या शतकातील डच वखारीचे भग्नावशेष पाहून स्थानकावर चहा घेत बसलो, तर समोरच मालवणची गाडी उभी! एकाने गाडीने जावे, दुसऱ्याने पायी यावे आणि मालवणास भेटावे, अशी सूचना निघाली. सूचना अगदी शहाणपणाची होती. तिच्यात खोट काढता येत नव्हती. तरीही चहा निवेपर्यंत कोणी उठले नाही. अखेर गाडी गेली. त्यानंतर झालेला ठराव साधा होता: रोजचे अंतर गुडघ्याने ठरवावे, वेळ ओहोटीने ठरवावी, आणि जड पिशवी वेगवान माणसाच्या पाठीवर असावी. हा ठराव पुढे तंतोतंत पाळला गेला आणि आश्चर्य असे की त्या जड पिशवीने दोघांची चाल सारखी केली.

वायंगणीचा किनारा कासवांसाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री वाळूवर येतात, खळगा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. सुमारे पन्नास दिवसांनी पिले निघतात व पाण्यावरच्या उजेडाच्या दिशेने धावतात; किनाऱ्यावर दिवे असले तर ती भलतीकडे भरकटतात. म्हणून त्या रात्री आम्ही वाळू सोडून आत काजूच्या बागेत मुक्काम केला आणि कंदीलही लवकर मालवला.

तिसरा दिवस रथसप्तमीचा. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवत नाही. तो सह्याद्रीमागून, माडांच्या शेंड्यांवरून येतो. आधी दूरच्या लाटांचे माथे उजळतात, मग जवळचे पाणी आणि सर्वांत शेवटी आपण. कोंडुऱ्याजवळ जांभ्या दगडाची टेकाडे थेट पाण्यात उतरली आहेत. तेथे वाळू संपते आणि माथ्यावरून जावे लागते. काजूच्या मोहोराचा उग्र-गोड वास, खाली खडकांवर फुटणारे पाणी आणि डोक्यावर माघाचे लख्ख ऊन! रथसप्तमीस सूर्याला याहून वेगळे अर्घ्य काय द्यावे, असे वाटले.

टेकाडे उतरून खवण्याच्या वाळूवर आलो तेव्हा रापण ओढणे चालले होते. होडीतून मोठे जाळे अर्धवर्तुळाकार टाकतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन रांगा ओढतात. आम्ही कौतुकाने उभे राहिलो तोच एका आजींनी दोराकडे बोट केले. पाहुण्यांनी पाहत राहायचे अशी तेथील रीत नव्हती. दोर खांद्याशी धरला तेव्हा कळले की येथे ताकदीपेक्षा मेळाला महत्त्व आहे. एक रांग पुढे गेली की जाळे तिरके होते आणि मासळी निसटते. म्हणून जोमदार रांगेला पुनःपुन्हा थांबायला सांगत होते. शेवटी चंदेरी बांगड्यांचा ढीग वाळूवर आला आणि त्याचे वाटे पडले. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. आणि अर्धा तास हात लावल्याबद्दल आम्हांलाही चार बांगडे! आम्ही कुंदा काढला. मुलांनी तो वाटून खाल्ला. तेथेही वाटे अगदी चोख पडले.

अष्टमीच्या दुपारी निवतीचा पडका किल्ला मागे टाकून, भोगव्याच्या शुभ्र पुळणीवरून कर्ली नदीच्या मुखाशी आलो. पलीकडे देवबाग, हाकेच्या अंतरावर. पण ओहोटी होती. नदीचे उतरते पाणी समुद्राच्या लाटांना भिडते, त्यामुळे मुखावर पाणी खवळते आणि वाळूचे दांडे वर येतात. होडीवाल्या वृद्ध गृहस्थांनी आमच्याकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले आणि म्हणाले, "घाई कित्याक करतास? पाणी येंवदे, मगे सोडतंय."

चार तास आम्ही उंडीच्या सावलीत बसून होतो. प्रथम घड्याळ पाहिले. मग ते पाहणे सोडले. वाळूचा एक दांडा निरखीत राहिलो. तो आधी रुंद होता, मग अरुंद झाला, मग केवळ रंगाने ओळखू येऊ लागला आणि मग नाहीसा झाला. साडेचारच्या सुमारास मुखावरचा पांढरा फेस शमला आणि होडी दहा मिनिटांत पलीकडे गेली. उतरताना होडीवाल्यांनी आधी सावकाश चालणाऱ्याला हात दिला. शाळेच्या घंटेवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना असे बिनघंटेचे चार तास दुर्मीळच.

देवबाग म्हणजे एका बाजूस नदी आणि दुसऱ्या बाजूस समुद्र यांमधली वाळूची चिंचोळी जीभ. समुद्राच्या बाजूस ठिकठिकाणी धूप थांबवण्यासाठी दगडांचे बांध घातले आहेत. त्यांवरून चालणे कठीण, परंतु ज्यांची घरे मागे उभी आहेत त्यांना ते बांध म्हणजे रात्रीची झोप आहे. भरतीच्या रेषेखालची भूमी सरकारची, म्हणजे आपणां सर्वांची. त्या रेषेवरची भूमी कोणाच्या तरी आजोबांनी माड लावून वाढवलेली. किनाऱ्याने चालणाऱ्याने हे दोन्ही हक्क ध्यानात ठेवावेत.

पाचव्या दिवशी तारकर्लीवरून मालवणास आलो. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी त्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये काम पुरे झाले. सुमारे ४८ एकरांचा हा दुर्ग २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा दुर्गांपैकी एक आहे. चारी बाजूंस खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. दिवसातून दोनदा चढणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्यात त्या काळच्या पाथरवटांनी पाया कसा रचला असेल, हे पाच दिवस त्याच पाण्याच्या तंत्राने चालल्यावर थोडेसे उमगले. त्यांनीही ओहोटीची वाट पाहिली असणार. आणि पाणी येताच हात थांबवले असणार.

शिरोड्याहून मालवणास गाडी दोन-अडीच तासांत येते. आम्हांस पाच दिवस लागले. परंतु त्या ठरावानंतर मालवणापर्यंत आम्ही कोठेही एकमेकांची वाट पाहत उभे राहिलो नाही. जी वाट पाहिली, ती दोघांनी मिळून पाण्याची.