पायाखालची सावली

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात एक दुपार अशी येते की सावलीसुद्धा उन्हाला भिऊन पायाखाली जाऊन बसते. साडेबाराला पाच-सात मिनिटं कमी असताना मी गच्चीवर एक बाटली उभी करतो. तिची सावली आखडत आखडत बुडाशी येते आणि दिसेनाशी होते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावरून जातो. दुसरी खेप ऑगस्टच्या सुरुवातीला. पण तेव्हा बहुधा आभाळ आलेलं असतं.

तळपाय भाजत असतात. पंधरा कोटी किलोमीटरवरून, आठ मिनिटांपूर्वी निघालेलं हे ऊन. अंतर जरा कमी असतं तर?

खगोलशास्त्रात या 'जरा'चा हिशेब आहे. ताऱ्याभोवती एक पट्टा आखतात. त्यातल्या ग्रहावर पाणी पाणी म्हणून राहू शकतं. उकळून उडत नाही, गोठून बसत नाही. हा वसतियोग्य पट्टा. सू-शू हुआंग यांनी १९५९ साली ही संज्ञा वापरली. सगळी व्याख्या पाण्यावर उभी आहे, हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. इथे उन्हाळा पाऱ्यापेक्षा उजनीवरून मोजतात. ११७ टीएमसीच्या त्या धरणातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात धरलेलं. 'उजनी मायनसमध्ये गेली' एवढं कानावर आलं की बायका आपोआप पिंपं मोजू लागतात.

२०१३ साली रवी कोप्परापु आणि सहकाऱ्यांनी हा पट्टा नव्याने मोजला. (आडनाव तेलुगू, आमच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात, एखाद्या दारावरच्या पाटीला सहज शोभलं असतं.) पृथ्वीचं अंतर एक धरलं तर सूर्याच्या पट्ट्याची आतली कड त्यांच्या हिशेबात आली ०.९९ वर. म्हणजे आपण अगदी काठावर, चुलीपुढे बसलेल्या बाईसारखे. मात्र त्या हिशेबात ढगांचा परिणाम धरलेला नव्हता; तो धरला तर कड आणखी आत सरकते. मे महिन्यात पश्चिमेकडे डोळे लावून बसणाऱ्या गावाला ढग हिशेबात नाहीत हे ऐकून हसूच येईल.

तारे सगळे सूर्याएवढे नाहीत. लाल बटू तारे म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतल्या थंडीत पेटवलेली लहानशी शेकोटी. ऊब हवी तर खेटून बसायचं. सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा ताऱ्याचा, २०१६ साली सापडलेला ग्रह असाच खेटून बसलाय. त्याचं वर्ष अकरा दिवसांचं. पण ओल्या लाकडासारख्या ठिणग्याही हेच तारे जास्त उडवतात.

आणि नुसत्या अंतरावर भागत नाही. अंगावर काय पांघरलंय तेही बघावं लागतं. हवेची चादर नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली अठरा अंश असतं. ती आहे म्हणून पंधरा. शुक्राने चादरींवर चादरी ओढल्या आणि तो ४६५ अंशांवर उकडतोय. मंगळाची विरून गेली. आपल्या हवेच्या दाबाचा शंभरावा हिस्साही तिथे उरला नाही. चादरीच्या गावात वाढल्यामुळे मला हे पट्ट्यापेक्षा जास्त पटतं.

पण इतक्या दूरचे ग्रह दिसतात कसे? बहुतेक दिसत नाहीतच. ताऱ्यापुढून ग्रह गेला की उजेड किंचित मंदावतो. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यापुढून गेला, तर बारा हजार भागांतला जेमतेम एक भाग. २००९ साली सोडलेली केपलर दुर्बीण वर्षानुवर्षं हेच टिपत राहिली. मी बाटलीची सावली संपण्याची वाट बघतो, ती दुर्बीण ग्रहाची पडण्याची बघत होती.

एका परग्रहाचं नाव मात्र आपल्या इकडचं आहे. २०१९ साली जगभर परग्रहांना नावं देण्याचा उपक्रम झाला, तेव्हा भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवरून 'बिभा' म्हटलं, आणि त्याच्या ग्रहाला पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवलेलं 'संतमस'. संस्कृत शब्द, अर्थ घेतला ढगाळ. गुरूपेक्षा जड ग्रह, ताऱ्याला इतका चिकटलेला की दोन दिवस आणि थोड्याशा तासांत वर्ष संपतं. तिथे पाण्याचं नाव काढायला नको. एवढ्या भट्टीला ढगाचं नाव द्यायला उन्हाळा सोसलेलंच पोर हवं.

बाटलीच्या बुडातून सावलीची बारीक कोर उत्तरेकडे नाही, दक्षिणेकडे नाही, पूर्वेला बाहेर पडते. मी ती बघत असतानाच पुसली जाते. मान वर करतो तर पश्चिमेकडून वळवाचं काळं आभाळ चढलेलं. खालून आईची हाक येते, "अरे, वाळत घातलेल्या चादरी काढ आधी!"