प्रिन्सिपलमधली पाल

छापखान्यात पूर्वी प्रुफं जोडीनं वाचत. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर बोट फिरवत चुका धरायच्या. इंग्रजीत ही रीत कधी दगा देईल याचा नेम नाही, हे पुण्यातल्या एका मुद्रितशोधकाला कळलं ते शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेमुळे. वाचणारा 'प्रिन्सिपल' म्हणाला, यालाही समोर 'प्रिन्सिपल'च दिसलं. फक्त शेवटी 'ए-एल' हवं तिथं 'एल-ई' होतं. प्राचार्यांच्या नावाखाली हुद्दा म्हणून 'तत्त्व' छापून 500 पत्रिका गेल्या. फेरछपाईचे पैसे याच्या पगारातून कापले.

तेव्हापासून तो असे शब्द मुद्दाम चुकीचे वाचतो. प्राचार्य असले तर 'प्रिन्सि-पाल', तत्त्व असलं तर 'प्रिन्सि-प्ले'. वह्या-पाकिटांची ती 'स्टेशन-एरी', जागचं न हलणारं ते 'स्टेशन-आरी'. सरदार असला की 'क्नाइट'. शेजारच्या टेबलावरचे हसतात.

हसोत बापडे. 'क्नाइट' हा इंग्रजी कवी चॉसरच्या काळच्या, म्हणजे 14व्या शतकातल्या उच्चाराच्या जवळचा आहे. तेव्हा तो 'क' ऐकू येई, आणि पुढचा 'जीएच'ही 'ख'सारखा घशातून निघे. रात्रीच्या 'नाइट'मध्येही तोच 'ख' होता. जर्मन माणूस रात्रीला आजही 'नाख्ट' म्हणतो, आणि आपल्या व्रतवैकल्यांतलं 'नक्त' त्याच कुळातलं. बोलताना अक्षरं झिजली, छापताना तशीच राहिली.

'स्टेशनरी'ची गंमत वेगळीच. मध्ययुगात पाठीवर गाठोडं घेऊन फिरणारे विक्रेते पुष्कळ, त्यांच्यात एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्या तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये या मंडळींचा संघ 1403 साली स्थापन झाला. म्हणजे वही-पाकिटं आणि जागचं न हलणं, मूळ दोन्हींचं एकच. पिठाचा 'फ्लॉवर' तर फुलाचाच. दळणातला सर्वांत उत्तम भाग म्हणजे त्याचं फूल. स्पेलिंगं पुढे वेगळी झाली.

संगणक इथं मदतीला येईलच असं नाही. दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे लाल रेघ बहुधा उमटत नाही. आणि इंग्रजीला हसण्याआधी आपलं 'कामगार दीन' आठवावं; तेही कानाला बरोबरच वाटतं.

आता जोडीला वाचणारा कुणी उरला नाही. तो एकटाच पुटपुटत बसतो. शाळेची पत्रिका छापायला टाकणाऱ्यांनी शेवटच्या प्रुफावर सही करण्याआधी प्राचार्यांच्या हुद्द्यात पाल आहे ना, तेवढं पाहून घ्यावं.