दिवा मालव

वाचणे ही आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांची खास मिरास, अशी माझी समजूत आहे. त्यामुळे गोंदियाला लागून असलेल्या आमच्या कुडव्यातल्या घरी, तंत्रनिकेतनात शिकणारा धाकटा भाऊ एका यंत्राला वाचायला शिकवू लागला तेव्हा मी सरसावून शेजारी बसले.

यंत्र कसले, तळहातावर मावणारी निळी पट्टी! नाव आर्डुइनो उनो. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्रेआ गावी, विद्यार्थ्यांसाठीच झाला. त्यावरचा मायक्रोकंट्रोलर संगणकाकडून आलेली आज्ञा वाचतो आणि दिवा लावतो. पण वाचतो कसा? शब्द त्याला दिसतच नाही. एका वेळी एक बाइट, म्हणजे ० ते २५५ यांतला एक आकडा, एवढेच त्याच्या पदरात पडते. वेग ९६०० बॉड. म्हणजे सेकंदाला सुमारे ९६० बाइट. बॉड हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तारतज्ज्ञावरून आले. तारमास्तरही असाच एकेक खूण टिपून शब्द जुळवीत असे. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली; तिची रीत मात्र या केबलमध्ये शिल्लक आहे.

आज्ञा संपली हे यंत्राला आपणहून कळत नाही. ओळ संपल्याची खूण, आकडा १०, यावी लागते. ती आली नाही तर नेहमीच्या पद्धतीत ते एक सेकंद वाट पाहते आणि हाती आले तेवढ्यालाच पूर्ण वाक्य समजते. अर्धे ऐकून उठणारे श्रोते आपल्याही स्नेहसंमेलनात असतातच!

"मराठीत सांगून बघ ना," मी म्हटले.

"ताई, तुझ्या मराठीचं याला काय कळणार?"

"इंग्रजीचं तरी कुठं कळतं?"

तो गप्प झाला आणि त्याने 'दिवा लाव' लिहिले. देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. 'द' म्हणजे २२४, १६४, १६६. कागदावर वेलांटी 'द'च्या डावीकडे बसते, पण केबलमधून ती 'द'च्या मागून येते, आपण उच्चारतो तशी. मधल्या मोकळ्या जागेसह २२ बाइट आले, साठवलेल्या २२ बाइटांशी जुळले आणि दिवा लागला. मला झालेला आनंद मी लपवला नाही. तरीही 'दिवा पेटव' म्हणताच यंत्र ढिम्म! समानार्थी शब्द हा प्रकार त्याच्या गावीही नाही.

पुढची आज्ञा त्याने लिहिली, 'दिवा विझव'. तो ती मोठ्याने वाचत होता. आजी आतून म्हणाली, "असं नाही म्हणू रे बाप्पा! दिवा मालव म्हणावं."

त्याने मुकाट्याने शब्द बदलला. मी बोटांवर बाइट मोजले. दोन्ही आज्ञा पंचवीस-पंचवीसच भरल्या.