निळ्या पेनाची रेघ

"मना पायले हात नका लावा!" नाना ओरडले तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील. 2011 चा एप्रिल, उन्हाळी कांद्याची काढणी चाललेली. रात्री झोपताना पाय धड होता. आता उजव्या अंगठ्याचं मूळ लालबुंद, तुकतुकीत सुजलेलं. चादरीचं टोकही सोसवेना.

याआधी दोनदा असंच झालं होतं. दोन्ही वेळा 'इन्फेक्शन' म्हणून इंजेक्शनं घेतली, आठवड्याभरात सूज उतरली आणि ती इंजेक्शनांनीच उतरली असं आम्ही धरून चाललो. तो गाऊट होता आणि गाऊटचा झटका आपोआपही ओसरतो, हे घरात कुणाला ठाऊक होतं?

या वेळी साक्रीतल्याच एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पाय बघण्याआधी त्यांनी नानांच्या बीपीच्या गोळ्या मागितल्या. त्यांत लघवी वाढवणारी एक गोळी होती, तिच्याने युरिक ॲसिड रक्तात साठतं. तपासणीत आकडा 6.4 आला. मला हायसं वाटलं, त्यांना नाही. ऐन झटक्यात आकडा फसवतो म्हणाले. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा 9.1 निघाला.

कोल्चिसिनची इवलीशी गोळी देताना त्यांनी नानांना विचारलं, पावसाळ्यात बांधावर कळलावी फुलते ना? तिच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असतं, पण ती पोटात गेली तर माणूस जातो. म्हणून गोळी मोजूनच घ्यायची. पुढे ॲलोप्युरिनॉल 100 मिलिग्रॅमपासून सुरू केलं, बीपीची ती गोळी बदलली आणि युरिक ॲसिड 6 च्या खाली ठेवायचं ठरलं, कायमचं. आत्याने नानांची उडदाची डाळ बंद करून टाकली होती. डॉक्टर म्हणाले, कलेजी आणि दारू सोडा, डाळ खुशाल खा. खान्देशी माणसाला त्याची डाळ-भाकरी परत मिळणं काय असतं, ते त्या रात्रीच्या नानांच्या ताटावर दिसलं.

पण त्या डॉक्टरांचं मी खरं देणं लागतो ते 2014 च्या ऑगस्टमधलं.

पाय पुन्हा लाल झाला. "तेच शे," नाना म्हणाले. मलाही तेच वाटलं. कोल्चिसिन घरात होतंच. डॉक्टरांना फोन केला तो फक्त किती द्यायची ते विचारायला. ते म्हणाले, घेऊन या.

त्यांनी अंगठा हळूच वाकवला. "आते दुखस का?" सांधा दुखत नव्हता. लाली पावलावरून नडगीकडे चढली होती, अंगात थंडी वाजत होती, जांघेत गाठ आली होती. मग त्यांनी पायाची बोटं फाकवली. करंगळीच्या बेचक्यात चिखल्यांनी कातडी पांढरी पडून चिरली होती. "नाना, हाई गाऊट नही, धावरं शे." म्हणजे सेल्युलायटिस. त्या चिरेतून जंतू कातडीखाली शिरले होते.

निळ्या बॉलपेनने त्यांनी लालीच्या कडेकडेने रेघ ओढली, शेजारी वेळ लिहिली, प्रतिजैविक सुरू केलं. रेघ ओलांडली तर थांबायचं नाही, धुळ्याला न्यायचं. रात्री नऊपर्यंत लाली रेघेच्या दोन बोटं वर गेली होती. भर पावसात सुरत-नागपूर महामार्गाने आम्ही धुळे गाठलं. शिरेतून प्रतिजैविकं, पाय उशांवर उंच. तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत आली.

गाऊट हे त्यांचंच निदान होतं, तीन वर्षं खरं ठरलेलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि तो पाय पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघितला. माझ्या हातात राहिलं असतं तर मी चार दिवस कोल्चिसिन देत बसलो असतो.

घरी परतताना डॉक्टरांनी चिखल्यांवर मलम दिलं आणि एक काम लावून दिलं: शेतातून आल्यावर पाय धुवायचे आणि बेचक्या कोरड्या करायच्या. नानांनी त्यासाठी जुन्या धोतराचा तुकडा ओट्यावरच्या खुंटीला अडकवला. नाना गेले तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ मी घातली. पाय पुसायला तोच तुकडा घेतला.