पाठीखालची थंडी

जानेवारीत ग्वाल्हेरच्या गोरखीतल्या आमच्या गच्चीवरची दगडी फरशी रात्री अशी गारठते, की मोज्यांतूनही तळवे बधिर होतात. प्रवासात कुठे अडकलो तर गाडीत असाव्यात म्हणून फोमच्या हलक्या मॅट आणल्या आहेत. त्या इथेच अंथरून पाहते आहे.

सहा मिलिमीटरच्या मॅटला वजन जवळपास नाहीच. पण कुशीवर वळलं की खांदा आणि कंबरेचं हाड तिला पार दाबून टाकतं आणि नेमका तिथूनच गारवा शिरतो. दोन एकावर एक घातल्या तेव्हा कुठे डोळा लागला. आई म्हणते, "गादी ने की वर." पण गादीतला कापूस अंगाच्या भाराने दबतो, दव पितो. फोमच्या बंद कप्प्यांतली हवा दबली तरी बाहेर जात नाही. वर रजई कितीही जाड असो, जमीन खालून ऊब ओढतच राहते.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला, त्या छावणीचंच पुढे लष्कर हे शहर झालं. ती माणसं कशावर निजत असतील? गवतावर? घोंगडीवर? जुन्या कागदांत हिशेब सापडतात, अंथरुणं नाहीत.

आजही इथल्या महाराज बाड्याच्या चौकात दुकानांच्या ओट्यांवर माणसं पुठ्ठे अंथरून झोपतात. पुठ्ठ्याच्या नळ्यांतही हवाच असते, पण ओल लागली की त्याचा लगदा होतो. या मॅट तिकडे द्याव्यात असं सारखं मनात येतं. झोपलेल्याला उठवून द्यायच्या, की उशाशी ठेवून यायच्या, ते अजून ठरत नाही.