फर्माईश करणारी माणसं

सिनेमाचं गाणं आवडणं ही मोठ्याने सांगायची गोष्ट नव्हती, अशा घरात मी वाढलो. नाट्यपद चालायचं, अभंग चालायचा, भावगीत तर हवंच असायचं. पण कुणी फिल्मी चाल गुणगुणली की वडिलांची मान वर्तमानपत्रातून वर यायची. ही नापसंती आमच्या घरापुरती नव्हती. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. देशभरच्या रसिकांनी काटा फिरवला तो थेट कोलंबोकडे. रेडिओ सिलोनवर त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ तिच्या नावाने राखून ठेवली जाऊ लागली. विविध भारती आली ती पुढे, ३ ऑक्टोबर १९५७ला.

मी ऐकू लागलो तोवर हे सगळं जुनं झालं होतं, पण सिलोनची ओढ घराघरांत मुरलेली होती. सकाळी साडेसातला ‘पुरानी फिल्मों का संगीत’ लागायचं आणि त्यातलं शेवटचं गाणं सैगलचं. सैगल संपला की आठ वाजले, हे इतकं पक्कं की त्यावर शाळेची धांदल सुरू व्हायची. शॉर्टवेव्हवर आवाज मध्येच लांब जायचा, खरखरीत बुडायचा आणि ऐन समेवर परत वर यायचा. बुडालेल्या ओळी आम्ही मनातल्या मनात पुऱ्या करायचो. गाणी पाठ झाली ती त्यामुळेच, असं मला आजही वाटतं.

पण ऐकणारा आणि चाहता यांत फरक आहे. माझ्यासाठी तो पोस्टकार्डाने पडला. विविध भारतीला फर्माईश पाठवायची म्हणजे एक विधीच असायचा. आधी चित्रपटाचं नाव, मग मुखडा, मग गायक, गीतकार, संगीतकार, आणि उरलेल्या सगळ्या जागेत नावं. अक्षर सुवाच्य हवं, शाई न फुटणारी हवी, निवेदिकेला एका दमात वाचता यावं. चुलतभावंडं, शेजारची मुलं, खालच्या वाण्याचा मुलगा, सगळ्यांची नावं बसवताना कडेने उभ्या ओळी लिहाव्या लागायच्या. माझ्या आत्याचं नाव चारचौघांत कधी घेतलं जात नसे. ते रेडिओवरून वाचलं गेलं तेव्हा ती ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली आणि ते गाणं तिने उभ्यानेच ऐकलं. फर्माईशीच्या कार्यक्रमांनी या देशातल्या किती बायकांची नावं पहिल्यांदा जाहीरपणे उच्चारली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नावं ऐकता ऐकता गावं ओळखीची होऊ लागली. झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेलं गाव, तेव्हा बिहारात, आता झारखंडात. पण आमच्या पिढीला ते भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, तर फर्माईशींमधून कळलं. अकोला, राजनांदगाव अशा नावांमागे रोजची माणसं उभी राहू लागली. एका श्रोता संघाची ओळख पत्रातून झाली आणि मी त्यात शिरलो. कुणी टपालखात्यात, कुणी शिंपी, कुणी शाळामास्तर. एरवी ही माणसं एका पंगतीला बसली नसती. इथे मात्र शिंपीमामांना सज्जाद हुसेन यांच्या मेंडोलिनबद्दल विचारायला मास्तर पायऱ्या चढून जायचे. ‘तुम्हालाही ते आवडतं?’ हा प्रश्न ज्या डोळ्यांनी विचारला जायचा, ते डोळे मला इतर कुठे दिसले नाहीत.

चाहत्यांच्या पत्रांना काय साधतं, याचं एक उदाहरण मला फार प्रिय आहे. १९४९च्या ‘महल’मध्ये खेमचंद प्रकाश यांनी बांधलेलं, मधुबालावर चित्रित झालेलं ते गाजलेलं गाणं आठवा. तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. गाणं वाजलं आणि ही गाते कोण, हे विचारणाऱ्या श्रोत्यांच्या पत्रांचा ओघ रेडिओवर सुरू झाला. मग नाव सांगावं लागलं: लता मंगेशकर. पार्श्वगायकांची नावं तबकडीवर येऊ लागण्यात अशा विचारणाऱ्यांचा वाटा आहे.

पुढे नोकरीने मुंबईत आलो आणि चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर लाखेच्या तबकड्या हाताळायला शिकलो. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरायची, बोट खाचांना लागू द्यायचं नाही, उजेडात तिरपी करून चरे बघायचे. लेबलवरचा क्रमांक टिपायचा, आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला बारीक क्रमांकही. त्यावरून ध्वनिमुद्रणाचा माग निघतो. पोलादी सुई एका बाजूला एकदाच. एका बाजूवर मावायचं ते जेमतेम सव्वातीन मिनिटांचं गाणं, म्हणून पडद्यावरचा एखादा अंतरा तबकडीवर नसायचा.

असे अंतरे शोधणाऱ्यांची एक जमात आहे. १९९०मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. सुरेश चांदवणकरांनी तिचा व्याप सांभाळला आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिकही चालवलं. अशा बैठकांत बसून मी ऐकणं नव्याने शिकलो. तबकडी लावणारा आधी तिची कुंडली सांगायचा, मग खोलीत कुणी खोकतही नसे. तडा गेलेली तबकडी असेल तर दर फेरीला टक् असा आवाज यायचा. दोन-तीन फेऱ्यांनंतर तो कानाआड होऊन फक्त गाणाऱ्या बाईंचा किंवा बुवांचा आवाज उरायचा. एकदा एका वृद्ध गृहस्थांनी सुई उचलायला लावली आणि म्हणाले, ‘वेग कमी आहे, बाईंची पट्टी उतरली.’ यंत्र तपासलं. ते खरं निघालं.

कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला. १९५१ ते ६० या दशकाचा खंड आधी आला, १९८०मध्ये, बाकीचे नंतर. प्रत्येक चित्रपट, प्रत्येक गाणं, गायक, तबकडीचा क्रमांक. संगणक नसताना, कोणत्याही विद्यापीठाचं पाठबळ नसताना, गावोगावच्या श्रोत्यांनी आपापल्या वह्यांतून पाठवलेल्या नोंदी त्यात मिसळल्या आहेत. प्रेम करणाऱ्याला तपशिलाची शिस्त लागली की काय उभं राहतं, ते या खंडांत दिसतं. मला त्यांची पानं एखाद्या कादंबरीइतकी वाचनीय वाटतात.

या जगात मोठेपणा ठरतो तो देण्यावरून. ‘माझ्याकडे आहे’ म्हणणाऱ्याला फारसं कुणी विचारत नाही. ‘नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आण, भरून देतो’ म्हणणाऱ्याभोवती माणसं जमायची. संग्रह कुलपात ठेवून स्वतःही न ऐकणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामागे तबकड्या किलोवर गेलेल्याही पाहिल्या आहेत. त्याचं दुःख होतं, कारण गेलेलं परत येत नाही. ‘आलम आरा’ १९३१मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकला लागला. त्यातल्या सात गाण्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत, चित्रपटाची प्रतही उरली नाही. पहिल्या बोलपटाची गाणी ऐकायची कुठे?

म्हणून ज्यांच्या माळ्यावर आजोबांची पेटी अजून आहे, त्यांना माझी एक फर्माईश. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. स्पिरिटने मुळीच पुसू नका, लाख त्यात विरघळते. तुटलेली असली तरी टाकू नका, तुकड्यांवरचं लेबल वाचता येतं. आणि विकायच्या आधी दोन्ही बाजूंचे क्रमांक एका कागदावर उतरवून घ्या. त्यातला एखादा आमच्यापैकी कुणीतरी वर्षानुवर्षं शोधत असतो.