पडद्यावरचा पूर आणि घरातले परीक्षक

ज्यास स्वतःस चूल पेटवता येत नाही, त्यासही आमटीत मीठ किती असावे ह्याविषयी ठाम मत असते. त्यात गैर काही नाही. आमटी खाणाराकरिताच रांधलेली असते. चित्रपटाचेही तसेच आहे. तिकिटाचे पैसे दिले, किंवा हल्लीच्या रीतीप्रमाणे घरबसल्या वर्गणी भरली, की प्रत्येक पाहणारा परीक्षक होतो. कथानक प्रेमाचे किंवा सासूसुनांचे असेल तर सर्वच मंडळी त्या विषयातील जाणती असतात, व त्यांच्या मतांत फारसे अंतर पडत नाही. परंतु महापूर, भूकंप, आग ह्यांवरील चित्राची गोष्ट निराळी. तेथे पाहणारांपैकी बहुतेकांनी ती आपत्ती भोगलेली नसते, एखाद्यानेच भोगलेली असते. आणि दोघेही एकाच सतरंजीवर बसून एकच चित्र पाहात असतात. अशा वेळी मतांत जे अंतर पडते ते विचार करण्याजोगे असते, असे आम्हांस वाटते.

अशा थरारपटांची घडण बहुधा ठरलेली असते. आरंभी चार घरांची ओळख व्हावी, मग आभाळ भरून यावे, कोणी शहाण्याने इशारा द्यावा, इतरांनी तो हसण्यावारी न्यावा, आणि मध्यंतराच्या सुमारास संकट कोसळावे. ही घडण सोपी आहे. कठीण आहे तो खर्च. 1997 सालच्या ‘टायटॅनिक’ चित्रपटास सुमारे 20 कोटी डॉलर लागले. आपल्याकडील निर्मात्यास त्याचा विसावा हिस्सा मिळाला तरी तो स्वतःस भाग्यवान समजेल. पाणी मात्र त्यालाही तेवढेच दाखवावयाचे असते.

ही अडचण आजची नाही. 1917 साली दादासाहेब फाळके ह्यांनी ‘लंकादहन’ काढले, तेव्हा एक सबंध नगरी जाळावयाची, पण पैसा व साधने बेताचीच, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता. त्या चित्रात राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके ह्या एकाच नटाने केल्या होत्या, एवढे सांगितले म्हणजे बाकीच्या काटकसरीची कल्पना येईल. तरीही पडद्यावर प्रभू रामचंद्र दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवीत, असे सांगतात. त्या प्रेक्षकांस ती आग खोटी आहे हे कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. जळणारी लंका कोणाची व का जळते आहे, हे त्यांस पक्के ठाऊक होते. म्हणून आगीच्या उण्यापुऱ्यात त्यांचे मन अडकले नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या श्रावणात, समर्थनगरातील आमच्या घरी सर्व मंडळींनी एकत्र बसून ‘2018’ हा मूळचा मल्याळी चित्रपट हिंदी रूपांतरात पाहिला. केरळात 2018 च्या ऑगस्टमध्ये जो महापूर आला त्याचे हे चित्र. त्या पुरात पावणेपाचशेंहून अधिक माणसे दगावली. इडुक्कीच्या जलाशयाचे दरवाजे 26 वर्षांनंतर उघडावे लागले. दिग्दर्शक जूड अँथनी जोसेफ ह्यांनी ते 2023 साली पडद्यावर आणले, आणि त्याचा खर्च तीस कोटी रुपयांच्या आतला होता असे सांगितले जाते. पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड म्हणून तेच पाठविले गेले. सैन्यातून भिऊन परत आलेला एक तरुण, मासेमारीच्या घरात जन्मून त्या धंद्याची लाज वाटणारा दुसरा तरुण, आपत्ती कक्षातील एक अधिकारी, अशा पाच-सात माणसांच्या गोष्टी त्यात एकमेकींत गुंफल्या आहेत. चित्र संपले, आणि आमच्या घरातील परीक्षक मंडळाचे कामकाज सुरू झाले.

पहिले मत चिरंजीवांनी दिले. ते अभियांत्रिकीचे विद्यार्थी असल्याने त्यांनी पाण्याची परीक्षा घेतली. काही ठिकाणचे पाणी संगणकातले आहे हे उघड दिसते, लाटेला वजन नाही, आणि हौदात केलेले चित्रण हौदातलेच वाटते, असा त्यांचा अभिप्राय पडला. दोन प्रसंगी ते चक्क हसले होते. आमचे थोरले बंधू पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना लाटेचे सोयरसुतक नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, धरणाचे दरवाजे केव्हा उघडावे, किती उघडावे, खालच्या गावांना किती तास आधी कळवावे, हाच ह्या पुरातला खरा वाद. केरळात त्यावरून पुष्कळ रणे माजली. आणि चित्रात तो जवळजवळ वगळला आहे. शासनाच्या व स्थानिक संस्थांच्या कामाला पुरेशी जागा मिळाली नाही, अशी तक्रार केरळातही काहींनी केली होती, हे आम्ही त्यांच्या पुष्टीसाठी येथे नमूद करतो.

नऊ वर्षांच्या नातीने मत दिले नाही, प्रश्न विचारला: “आपल्या घरात पाणी आलं तर आपण कुठे जायचं?” त्यावर कोणीतरी, संभाजीनगरात प्यायला पाणी येण्याची मारामार, बुडायला कोठून येणार, असा विनोद केला व मंडळी हसली.

सूनबाई मात्र हसल्या नाहीत. त्या शाळेत शिक्षिका आहेत व त्यांचे मत नेहमीच थोडे अडचणीचे असते. त्या म्हणाल्या, “चित्र मला आवडले, हीच मला खटकणारी गोष्ट आहे. एका घरात मुलासह अडकलेले आईबाप दाखवले आणि पाणी चढू लागले, तेव्हा मी हातातला चिवडा तसाच धरून बसले होते. उद्या किल्लारीवर कोणी असे श्वास रोखायला लावणारे चित्र काढले, तर ते आपण चिवडा खात पाहू का?” ह्यावर सर्वत्र शांतता झाली. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट मराठवाड्यात कोणाला सांगावी लागत नाही. गणपती बोळवून लोक दमून निजले होते, आणि दगडमातीच्या जाड भिंती व धाब्याची जड छते त्यांच्या अंगावर आली. बंधू त्या वेळी नुकतेच नोकरीस लागलेले. मदतकार्यावर त्यांना पाठविले होते. त्यांनी आजवर त्याविषयी चार वाक्यांपेक्षा अधिक काही सांगितलेले नाही. त्या रात्रीही सांगितले नाही.

इतका वेळ मधल्या काकू गप्प होत्या. त्यांचे वय 78, माहेर पुण्याच्या नारायण पेठेतले. 12 जुलै 1961 रोजी त्या चौदा वर्षांच्या होत्या. काम पुरे होण्याआधीच पाणी अडवलेले पानशेतचे मातीचे धरण त्या दिवशी सकाळी फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण गेले, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. काकूंनी बराच वेळ विचार करून एवढेच विचारले, “पण ह्यात चिखल कुठे आहे?”

कोणाला अर्थ कळला नाही, तेव्हा त्या सांगू लागल्या. पाणी आले आणि गेले, ते एका दिवसाचे काम. त्यानंतर वाड्यात कमरेएवढा गाळ होता. तांब्याची घंगाळे त्यातून चाचपून काढावी लागली. आजीने पोथ्यांची पाने एकेक सुटी करून गच्चीवर वाळत घातली; ती वाळली, पण अक्षरे उरली नव्हती. खडकवासला फुटल्यामुळे नळाला पाणी नव्हते. एवढा पूर येऊन गेलेल्या शहरात प्यायच्या पाण्यासाठी आडावर रांगा लागल्या. तो वास कित्येक महिने भिंतींतून गेला नाही. “पाणी खोटं होतं म्हणून तू हसलास,” त्या नातवाला म्हणाल्या, “मला ते खोटं वाटलं नाही रे. पाणी असंच दिसतं, खोटंच वाटतं. लकडी पुलावरून पाणी जाताना पाहायला लोक नदीकाठी जमले होते, कारण कोणालाच ते खरं वाटत नव्हतं.”

पुराच्या चित्राविषयी आम्ही आजवर वाचलेल्या परीक्षणांत एवढे नेमके वाक्य आम्हांस आढळले नाही. ज्यांनी पूर पाहिला नाही ते पाण्याच्या खरेपणाविषयी भांडतात; ज्यांनी पाहिला त्या माणसांना पाहातात: कोण इशारा ऐकते, कोण ऐकत नाही, कोण दार उघडून शेजाऱ्याला आत घेते. ह्या कसोटीस ते चित्र उतरते असे काकूंचे मत पडले. केरळात त्या वेळी सुमारे साडेचार हजार मच्छिमार सहाशेंहून अधिक होड्या ट्रकांवर लादून समुद्रावरून आत, बुडालेल्या गावांत गेले व त्यांनी हजारो माणसे बाहेर काढली. चित्रातल्या त्या होड्या निघाल्या तेव्हा काकूंनी पदर डोळ्यांस लावला होता, हे आम्ही पाहिले. पैसा कमी असल्यामुळे दिग्दर्शकास सबंध केरळ बुडवून दाखवता आले नाही. एक घर, एक छत, एक होडी, एवढ्यावर भागवावे लागले. पण पूर माणसाच्या वाट्याला येतो तो एवढाच येतो. सबंध शहर बुडालेले फक्त आकाशातून दिसते.

हे सर्व येथेच संपले असते. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यावर आभाळ फाटले. जायकवाडीच्या त्या 27 दरवाज्यांतून गोदावरीत प्रचंड पाणी सोडावे लागले, आणि पैठणच्या सखल भागातील लोकांना हलविण्याचे काम सुरू झाले. आमचे धाकटे काका, वय 75, पैठणास नदीजवळच्या जुन्या घरात एकटे राहतात. बंधूंनी दूरध्वनी करून त्यांना विसर्गाचे आकडे सांगितले. काका म्हणाले, आकडे मला सांगू नका, पाणी आमच्या ओट्याशी येते आणि परत जाते. चिरंजीवांनी नकाशा पाठविला. तो त्यांनी उघडला नाही. शेवटी काकूंनी यंत्र हातात घेतले.

“भाऊजी, कपाटात कागद कोणते आहेत?”

“घराचे आहेत, वहिनी. आणि आईच्या हातची गाण्यांची वही.”

“शाईने लिहिलेली?”

काका काही बोलले नाहीत.

“मग ती वही घेऊन या. तुम्ही वहीसाठी या. मला ती पाहायची आहे.”

संध्याकाळी काका एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या दारात उतरले. पाणी त्यांच्या ओट्याला लागले व दोन दिवसांनी उतरले; घरात शिरले नाही. तेव्हापासून ते सर्वांना सांगत असतात की, मी म्हणत होतो तेच खरे झाले. काकू त्यावर म्हणतात, “झालं ना, म्हणून तर भांडायला समोर बसला आहात.” दोन्ही मते कुटुंबाच्या दप्तरी नोंदली आहेत.

सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री कोणी दिले नव्हते. दुसऱ्याच्या मरणाचा थरार करमणूक म्हणून पाहावा काय? आमचे नम्र मत असे की, चित्र संपल्यावर घरात काय बोलले जाते ह्यावर ते अवलंबून आहे. पाण्याच्या लाटेला किती गुण द्यावे एवढेच बोलणे होऊन दिवा मालवला, तर चिवडाही गेला आणि वेळही गेला. पण त्या निमित्ताने एखाद्या काकूंनी चौसष्ट वर्षे न सांगितलेला चिखल सांगितला, तर कमी खर्चातले ते चित्र फार मोठे काम करून गेले असे समजावे. आपल्या बहुतेक घरांत असे एकतरी माणूस असते. चित्र पाहून झाल्यावर सर्वांत शेवटी मत त्याला विचारावे, आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत कोणी उठू नये.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही दिले आहे. महत्त्वाचे कागद माळ्यावर डब्यात ठेवले आहेत, आणि कुठे जायचे ते तिला दाखविले आहे. आजीची वही त्याच डब्यात आहे.